कोलारच्या खाणीवर जाण्यापूर्वी

(चामराजपेट, बेंगळुरू येथे भरलेल्या रेल्वे कामगार कुटुंब मेळाव्यात शाखेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या रविवारी आपल्या शाखेची कुटुंब सहल कोलार गोल्ड फील्ड्सला जात आहे. ठिकाण ठरवताना म्हैसूरचा राजवाडा, नंदीचा डोंगर आणि वॉटर पार्क अशी तीन नावे पुढे आली होती. महिला मंडळाचा कौल वॉटर पार्ककडे होता, हे आम्हाला ठाऊक आहे. "बंद पडलेली खाण पोरांना काय दाखवायची?" असा सवाल एका वहिनींनी बैठकीत केला. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच कार्यकारिणीने आज आम्हाला उभे केले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. आपल्यापैकी कोणीही खाणीत उतरणार नाही. डोक्याला दिव्याची टोपी घालून पिंजऱ्यातून खाली जायचे, अशी समजूत काही मुलांनी करून घेतली आहे. तसे होणे नाही. भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. पाणी उपसणारे पंप थांबले आणि खालचे बोगदे पाण्याने भरत गेले. आज शाफ्टच्या तोंडावरचे लोखंडी मनोरे तेवढे लांबून दिसतात. ज्यांनी सिनेमा पाहून मनात काही चित्र रंगवले असेल, त्यांनी ते घरी ठेवून यावे. त्या सिनेमाचे दोन भाग २०१८ आणि २०२२ साली आले, खूप चालले, आणि त्यातला नायक एका बस ड्रायव्हरचा मुलगा आहे याचा आम्हालाही अभिमान वाटतो. पण त्यातली खाण ही गुंडांची खाण आहे. आपण जाणार आहोत ती कामगारांची.

आता या जागेचा आपल्या पेठेशी काय संबंध, ते पाहू. आपण बसलो आहोत ती चामराजपेट १८९२ साली वसली, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांच्या नावाने. त्यांच्याच कारकिर्दीत कोलारच्या खाणींचा जम बसला आणि निघणाऱ्या सोन्यावर शेकडा पाच रॉयल्टी म्हैसूरच्या खजिन्यात पडू लागली. १८९४ साली महाराज वारले, आणि त्याच साली बंगारपेटपासून खाणींपर्यंतचा आपला रेल्वेमार्ग सुरू झाला. बंगारपेटचे तेव्हाचे नाव बाउरिंगपेट. आपल्या मराठी मंडळींना आणखी एक सांगायला हरकत नाही. बेंगळुरूबरोबर कोलारही शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यामुळे मिरज, बेळगावकडून बदलून आलेल्या आपल्या लोकांनी "कुठल्या मुलखात येऊन पडलो" असे म्हणायचे कारण नाही.

त्या मुलखात सोने आहे हे गावकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. १८०२ साली वॉरन नावाचा एक लष्करी अधिकारी मोजणीच्या कामावर असताना मारिकुप्पम आणि उरगाम गावचे लोक त्याच्यासमोर माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवत. त्याचा अहवाल सत्तर वर्षे पडून होता. पुढे लाव्हेल नावाचा एक आयरिश माणूस न्यूझीलंडच्या लढाईतून निवृत्त होऊन बेंगळुरूच्या छावणीत राहायला आला. त्याने तो वाचला, आणि १८७५ मध्ये म्हैसूर सरकारकडून खाणकामाचा परवाना मिळवला. त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स कंपनीने कारभार घेतला आणि काही वर्षांतच चॅम्पियन रीफची मुख्य शीर सापडली. लाव्हेलच्या नावाचा रस्ता आपल्या शहरात आहे, मोठा दिमाखाचा रस्ता आहे. ज्या गावकऱ्यांनी वॉरनला सोने काढून दाखवले त्यांच्या नावाची साधी गल्लीही नाही. हे आम्ही कुरबुर म्हणून सांगत नाही. रविवारी तिकडे जाताना कोणाकडे पाहायचे, हे आधी ठरवून ठेवलेले बरे म्हणून सांगतो.

मुलांनो, आता खोलीचा हिशेब करू. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कुठले? कळसूबाई. उंची १६४६ मीटर. असे दोन कळसूबाई एकावर एक रचा आणि जमिनीत उलटे रोवा. चॅम्पियन रीफ खाणीचा तळ जवळजवळ तेवढा खोल होता, सुमारे ३२०० मीटर. जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होत असे. तिथे एका दमात जाता येत नव्हते. एका शाफ्टने उतरायचे, बोगद्यातून चालायचे, पुन्हा दुसऱ्या शाफ्टच्या पिंजऱ्यात शिरायचे. तळाशी खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर जाई. वरून गार हवा सोडण्यासाठी मोठी शीतयंत्रे बसवलेली होती, तरी माणूस घामाने निथळत असे. त्यात वरच्या डोंगराएवढ्या खडकाचा भार. तो भार सहन न होऊन कधी कधी खडक सुरुंग लावल्यासारखा आपोआप फुटे. कामगार त्याला एअर ब्लास्ट म्हणत. वर वसाहतीत भांडी वाजायची आणि घरच्या बायका दार उघडून शाफ्टच्या दिशेने पाहत उभ्या राहायच्या. आपल्याकडे अपघाताचा सायरन वाजला म्हणजे कॉलनीत काय होते, ते इथल्या बहिणींना वेगळे सांगायला नको.

आणि हे सारे कशासाठी? सुरुवातीच्या काळात एक टन दगडातून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमपर्यंत सोने मिळे. शेवटी शेवटी तीन-चार ग्रॅमवर आले. म्हणजे भगिनींनो, एक तोळा सोन्यासाठी दोन कळसूबाई खाली जाऊन तीन टनांच्या आसपास दगड फोडायचा, वर आणायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात भिजवायचा. सव्वाशे वर्षांच्या आत या खाणींनी सुमारे आठशे टन सोने दिले. ते काढणारे लोक कोण होते? बहुतेक उत्तर आर्काट आणि चित्तूर भागातून आलेले भूमिहीन दलित मजूर. एके काळी त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात होती. राहायला तट्ट्यांच्या झोपड्यांच्या ओळी आणि साहेबांना टेकडीवर बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. पाळी संपवून वर आले की अंगझडती, कारण प्रत्येक कामगार चोर आहे असे धरून चालायची रीत होती. ज्याने आयुष्यभर सोने काढले त्याच्या बायकोच्या गळ्यात काळी पोत.

या लोकांनी नुसती मजुरी केली नाही. अयोथी दास पंडितांच्या बौद्ध चळवळीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मारिकुप्पममध्ये मूळ धरले होते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म दिला तो १९५६ साली. त्याच्या कितीतरी आधी या खाण कामगारांच्या वस्तीत बुद्धवंदना होत होती. आपल्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

विजेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कावेरीवर शिवनसमुद्र इथे वीजघर उभे राहिले आणि ३० जून १९०२ रोजी वीज सुटली, ती बेंगळुरूला नव्हे, थेट कोलारच्या खाणींना. सुमारे ९२ मैलांची तार, त्या काळच्या जगातल्या सर्वांत लांब तारांपैकी एक. आपल्या शहरात, इथे मार्केटच्या बाजूला, दिवे लागले ते ५ ऑगस्ट १९०५ ला. तीन वर्षे राजधानी कंदिलावर आणि खाणीची यंत्रे विजेवर! सोने निघत असले की तार कितीही लांब टाकता येते.

संघटनेच्या दृष्टीने दोन सालांची नोंद घ्यावी. पहिले १९३०. कंपनीने सर्व कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करायचे ठरवले. एकदा ठसा दिला की नाव काळ्या यादीत जाईल, पुन्हा कुठल्याच खाणीत काम मिळणार नाही, अशी लोकांची धास्ती होती. त्या वेळी त्यांना ना युनियन, ना ऑफिस, ना पावती पुस्तक. तरी सुमारे तीन आठवडे हजारो माणसे खाणीत उतरली नाहीत, आणि ती योजना मागे घ्यावी लागली. दुसरे साल १९४६. त्या वर्षीच्या संपात, नोव्हेंबर महिन्यात, पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मारले गेले. त्यांचे स्मारक तिथे आहे आणि दर वर्षी लोक जमतात. आमच्या वडिलांच्या पिढीने १९७४ च्या मे महिन्यातला आपला संप पाहिला. क्वार्टरमधून सामान बाहेर काढलेले ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना या दोन सालांचा अर्थ लगेच कळेल. रविवारी स्मारकापाशी आपण पाच मिनिटे थांबणार आहोत. हार शाखेतर्फे नेला जाईल.

शास्त्रज्ञांनाही ही खाण उपयोगी पडली, हे शाळेतल्या मुलांनी लिहून घ्यावे. वरचा खडक इतका जाड की आकाशातून येणारे बाकीचे किरण खाली पोचतच नाहीत. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, जपान आणि इंग्लंडच्या विद्यापीठांच्या साथीने, खोल बोगद्यात यंत्रे मांडली. १९६५ साली वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो नावाचे कण टिपण्यात जगात जे पहिले यश आले, त्यात या प्रयोगाचा वाटा आहे. ती अवजड यंत्रे पिंजऱ्यातून खाली नेणारे हात खाण कामगारांचेच होते.

सहलीची तयारी म्हणून आम्ही तिघे पदाधिकारी मध्यंतरी एक दिवस जाऊन आलो. मारिकुप्पम स्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. तीस वर्षे खाणीत ड्रिलवर काम केलेले. आम्हाला तमिळ येत नाही, पण आमच्यातले एक गार्डसाहेब जोलारपेटचे, त्यांनी मध्ये दुभाष्याचे काम केले. म्हातारबाबांनी आम्हाला पहिला प्रश्न केला, "तुम्ही रेल्वेचे? मग सकाळच्या गाडीला दोन डबे जास्त का जोडत नाही?" आम्ही हसलो, ते हसले नाहीत. त्यांचा मुलगा पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला येतो, एका अपार्टमेंटच्या फाटकावर बारा तास उभा राहतो आणि रात्री दहाच्या पुढे घरी पोचतो. बोलता बोलता ते घरातून एक्स-रेचे पाकीट घेऊन आले. कोणी घरच्या लग्नाचे फोटो दाखवावेत तसे एकेक फिल्म उन्हासमोर धरून दाखवू लागले. कुठल्याशा दवाखान्याच्या कागदावर क्षय असे लिहिले होते. क्षयाची औषधे दोनदा पूर्ण झाली, दम काही गेला नाही. ते म्हणाले, "डॉक्टरांना मी सांगतो, हे जंतू नाहीत, हा दगड आहे." सिलिकोसिस म्हणतात तो हाच आजार. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि ती निघत नाही. आपल्या देशात या आजाराची पहिली नोंद झाली ती याच कोलारच्या खाणींतून. एवढी वर्षे झाली, तरी एका ड्रिलवाल्याला आपला आजार कागदावर खऱ्या नावाने लिहून मिळत नाही. आणि नाव नाही तर भरपाईही नाही. आपल्या ट्रॅकवरच्या भावांनी, खडी टाकताना तोंडाला रुमाल बांधायचा कंटाळा करणाऱ्यांनी, हे ऐकून ठेवावे.

म्हातारबाबांना आम्ही विचारले, आमची मुले आली तर त्यांना चार गोष्टी सांगाल का? ते म्हणाले, "खाण बंद झाल्यापासून शूटिंगवाले आले, कंत्राटदार आले, मोजणीवाले आले. आत काय होते ते कोणी विचारले नाही." मग त्यांनी उठून, तिथेच रस्त्यावर, ड्रिल कसे धरायचे ते करून दाखवले. उजवा खांदा पुढे, मान बाजूला, दात आवळलेले. अजूनही त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे.

वहिनींच्या सवालाचे आमचे उत्तर ते हेच. बंद खाणीत पाहण्यासारखे काही नाही असे नाही. सांगणारी माणसे वर जमिनीवर बसून आहेत आणि एकेक करून जात आहेत. वेल्समध्ये ब्लेनाव्हॉन गावी बिग पिट नावाची कोळशाची खाण १९८० साली बंद पडली. १९८३ पासून ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. तिथे आलेल्या कुटुंबांना टोपी आणि दिवा देतात, काडेपेटी काढून घेतात, आणि पिंजऱ्यातून तीनशे फूट खाली नेतात. वाट दाखवायला कोण? तिथलेच खाण कामगार. ज्यांनी कोळसा काढला तेच पगारावर, गणवेशात, ताठ मानेने सांगतात की इथे काय चालत होते. इतके लांब कशाला, आपल्या नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने २०१६ साली चालू भूमिगत खाण पाहण्याची सहल सुरू केली. मग कोलारला का नको? तीन किलोमीटर खाली कोणीच म्हणत नाही. वरचा एखादा पातळीपुरता बोगदा कोरडा आणि मजबूत करून, एक वाइंडिंग इंजिनचे घर दुरुस्त करून, पंधरा-वीस माजी कामगारांना मानधनावर ठेवून सुरुवात होऊ शकते. ते शक्य आहे की नाही ते इंजिनिअर लोकांनी तपासून सांगावे. पण न तपासता नाही म्हणणे आम्हाला मान्य नाही.

हे आजच बोलण्याचे कारण आहे. खाणीतून काढून, दळून, टाकून दिलेल्या मातीचे डोंगर तिथे उभे आहेत. लोक त्यांना सायनाइड डंप म्हणतात. तीन कोटी टनांहून जास्त माती आहे. वारा सुटला की ती पांढुरकी धूळ घरांत, जेवणात, डोळ्यांत जाते. त्या मातीत अजून थोडे सोने शिल्लक आहे. २०२४ साली कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने हे तेरा डंप लिलावाने देण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. म्हणजे पुन्हा यंत्रे येतील, कंत्राटे निघतील. कामाला आमचा विरोध नाही. खाण बंद झाली तेव्हा तीन हजारांहून जास्त माणसे एका दिवसात घरी बसली, त्यांच्या मुलांना गावात काम मिळाले तर ती पहाटेची गाडी थोडी हलकी होईल. पण पहिल्या वेळी सोने लंडनला गेले आणि धूळ मारिकुप्पमला राहिली. दुसऱ्या वेळी हिशेब आधी मांडला पाहिजे: काम कोणाला, धुळीचा बंदोबस्त कोण करणार, जुन्या ड्रिलवाल्यांची तपासणी कोण करणार, आणि एक शाफ्ट त्यांच्या आठवणीसाठी राखून ठेवणार की नाही. या चार मुद्द्यांचा ठराव आम्ही तयार केला आहे. तो आज नाही, सहलीहून परतल्यावर पुढच्या सभेत मांडू. ठिकाण न पाहता हात वर करायला आम्ही कोणाला सांगणार नाही.

आता व्यवस्थेच्या सूचना. मुलांच्या आयांनी लक्ष द्यावे.

सोमवार ते शनिवार पहाटे मारिकुप्पमकडून येणारी गाडी खच्चून भरलेली असते आणि आपल्याकडून तिकडे जाणारी रिकामी. रविवारी गर्दी कमी असली तरी प्लॅटफॉर्मवर उतरणाऱ्यांना आधी वाट द्यायची. ती माणसे कामावर जात असतात, आपण सहलीला निघालो आहोत. बंगारपेटपर्यंत सुमारे ७० किलोमीटर मुख्य मार्ग, तिथून पुढे खाणींचा फाटा. कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी स्थानकांची नावे मुलांकडून वाचून घ्यावीत. खाणींचीच नावे आहेत ती.

डंपवर कोणीही चढायचे नाही. सिनेमातल्यासारखे फोटो काढण्यासाठी तर नाहीच. पाऊस पडून गेल्यावर त्या मातीत खोल घळी पडतात, आणि ती धूळ मुलांच्या छातीला चांगली नाही. प्रत्येकाने ओला करता येईल असा सुती रुमाल आणावा. शाफ्टच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचे नाही, पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची नाही. तोही बहुधा कुणा खाण कामगाराचाच मुलगा असेल. पिण्याचे पाणी घरून आणावे.

जेवणाचे डबे आपापले. चपाती-भाजी थोडी जास्त ठेवावी, कारण म्हातारबाबा आणि त्यांचे चार-पाच सोबती दुपारी आपल्याबरोबर जेवायला बसणार आहेत. त्यांना बिनातिखटाचे चालत नाही, हे आम्ही विचारून आलो आहोत. मुलांनी प्रश्न लिहून आणावेत. दुभाषे गार्डसाहेब आहेतच, फक्त त्यांना मध्ये जेवू द्यावे.

एवढ्याशा प्रवासासाठी कोणी वर्षाचा पास खर्ची घालू नये, तिकीट काढावे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट आहे, वय खरे सांगावे. नावे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खजिनदारांकडे द्यावीत. गाडीची वेळ बाहेर फलकावर लावली आहे. आणि ती वेळ गाडी सुटण्याची आहे, घरून निघण्याची नाही.